काकांचा सांडवा

नवीन जालन्यात मी ज्या घराच्या वरच्या खोलीत अडीच वर्षं भाड्याने राहिले, त्या घरात तोंडी बोललेलं काहीही ग्राह्य धरत नसत. खोली बघायला गेले त्या दिवशी मी विचारलं, "काका, इथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" घरमालकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "प्रश्न बराबर हाय. पण लेखी द्या."

मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. शेवटी पर्समधून ऑफिसचं पॅड काढून मी प्रश्न लिहून दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, खाली 'पाहिले' असं लिहून सही केली, कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मग तोंडीच उत्तर दिलं, "आठ दिवसांनी. कधी दहा."

ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे खात्याच्या दृष्टीने झाले होते.

खरं सांगायचं तर माझ्यासारखीला ते घर सोयीचं होतं. मी मूळची कुंभार पिंपळगावची, पण शिकले इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून. मराठीत तोंड उघडलं की घरचे हसायचे आणि इंग्रजीत उघडलं की शाळेतल्या मुली, त्यामुळे तोंड उघडणंच मी कमी केलं होतं. एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात दिवसभर खाली मान घालून काम करायचे आणि संध्याकाळी इथे येऊन चिठ्ठ्या लिहायचे. 'जिन्यातला दिवा गेला आहे.' 'पाहिले.' 'दिवा अजून लागलेला नाही.' 'पाहिले.' जिन्यातला दिवा शेवटी मीच बदलला, आणि तसं लेखी कळवलं. त्यावर 'आभार' असा शेरा आला. अडीच वर्षांत मला मिळालेला तो सर्वांत भावनिक कागद.

घरात पाणी धरू शकेल अशा प्रत्येक वस्तूवर काकांनी स्वतःच्या हाताने पट्टी रंगवली होती. गच्चीवरची टाकी, मोरीतला ड्रम, स्वयंपाकघरातला माठ. वर लाल रेघ, 'पूर्ण संचय पातळी'. खाली निळी रेघ, 'मृतसाठा'. रोज सकाळी सात वाजता ते वही घेऊन एकेका भांड्यासमोर उभे राहत आणि पातळी उतरवून घेत. काकूंच्या लोणच्याच्या बरणीलासुद्धा मृतसाठा होता. त्या रेघेखालचं लोणचं जावयासाठी राखीव होतं. त्यांना मुलगी नव्हती.

गच्चीवर पाऊस मोजायचं नळकांडं होतं. वर्षातले आठ-नऊ महिने त्यात काही नसायचं. ते नसलेलंही काका वाकून, एक डोळा मिटून वाचत.

काकू मात्र लेखी काही देत नसत. "चौथी शिकलेली मी. ह्यांना अर्ज करत बसू व्हय?" असं म्हणून त्या सरळ हाक मारत, आणि काका येत. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं. काकांनी ताटाशेजारी चिठ्ठी ठेवली, 'भाजीतील मिठाचे प्रमाण मंजूर मर्यादेपेक्षा अधिक आढळले.' काकूंनी ती वाचली, तिच्यात शेंगांची टरफलं गुंडाळली आणि बाहेर फेकली. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं. काका गपचूप जेवले. वरिष्ठ कार्यालयाशी पत्रव्यवहार वाढवू नये एवढं त्यांना नोकरीत समजलं होतं.

त्याच काकू डिसेंबरात पडल्या. दहा दिवसांनी नळ आला होता, त्या भरल्या बादल्या उचलून आत नेत होत्या आणि मोरीच्या उंबऱ्यावर पाय सरकला. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, महिनाभर खाट झाली, मग चार पायांचा वॉकर आला. वॉकर घेऊन त्या खाटेपासून खिडकीपर्यंत जायच्या आणि तिथेच थांबायच्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, "पाण्यात चालता आलं तर लवकर फरक पडेल. पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही." मग आमचं शहर आठवून त्या जरा ओशाळल्या.

काका-काकूंच्या पुण्यातल्या मुलाने हे फोनवर ऐकलं आणि त्याचा प्रश्न एका मिनिटात सुटला. फोन स्पीकरवर होता. "आई, आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. लिफ्ट आहे. तू इकडेच ये, कायमची. गुढीपाडव्यापर्यंत तुला नीट चालता आलं तर ठीक, नाहीतर त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो."

"आन् ह्यांचं?"

"बाबांनीपण यावं की. बाबा, ऐकताय ना?"

बाबा ऐकत होते. "इथली पातळी कोण घेईल?" ते म्हणाले, आणि उठून माठाकडे गेले. त्या दिवशी माठाची पातळी त्यांनी तीनदा घेतली.

काकूंची वेणी तेव्हा मी घालून द्यायचे, कारण त्यांना हात वर करून फार वेळ बसवत नसे. त्या पाठमोऱ्या बसून म्हणाल्या, "मी गेले तर हे काय खातील माय? गॅस पेटवता येतो ह्यांना. पेटवून त्याच्यावर काय ठेवायचं ते न्हाई येत."

आठ दिवसांनी अंगणात टेम्पो उभा राहिला. काका पुढच्या सीटवर मांडीवर फाईल घेऊन बसले होते, आणि मागे निळ्या पत्र्याची मोठी गुंडाळी, पाईप, एक पंप आणि प्लास्टिकचा एक चमत्कारिक डबा होता. धावड्याजवळ कोणीतरी शेतावर हुरडा पार्टीचा धंदा काढला होता. अजिंठ्याला जाणारे लोक वाटेत थांबतील, हुरडा खातील, पोहतील अशी त्यांची कल्पना होती. लोक सरळ अजिंठ्याला गेले. मालकांनी जमिनीवर उभा करायचा तो तलाव विकायला काढला. पत्र्याची गोल भिंत, आत प्लास्टिकचं अस्तर, उंची चार फूट, रुंदी बारा.

"पुण्यात तलाव हाय म्हणे," काका टेम्पोतून उतरत म्हणाले. "मंग जालन्यात कामून न्हाई?"

ज्या गल्लीत बायका नळाच्या दिवशी सुट्टी टाकतात, त्या गल्लीत पोहायचा तलाव आला. कोणी हसलं नाही. आधी नीट बघून घेऊ, मग हसू, असा विचार करून सगळे बघायला आले.

तलावाबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. काकांनी ती मला दिली. "म्याडम, तुमचं इंग्लिश मीडियम ना? वाचा आन् मराठीत लेखी द्या." दोन संध्याकाळी बसून मी भाषांतर केलं. माझ्या इंग्रजी शिक्षणाचा जालन्यात झालेला हा पहिला थेट उपयोग. एका शब्दापाशी अडले, तेव्हा खाली जाऊन समजावून सांगायची वेळ आली.

"काका, हा डबा म्हणजे स्किमर. तलावाच्या भिंतीला वरच्या अंगाला हे आडवं तोंड कापलेलं आहे ना, त्याच्या बाहेर हा बसवायचा. पंप चालू केला की वरवरचं पाणी तोंडातून डब्यात येतं. पानं, किडे डब्यातल्या जाळीत अडकतात आणि पाणी गाळून परत तलावात जातं."

"भिंतीला वर तोंड. त्यातून पाणी भाईर," काका म्हणाले. "म्हंजे सांडवा."

"सांडवा नाही काका. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी–"

"मला सांडवा सांगून राह्यल्या व्हय तुम्ही?"

मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं येतं. पण वर जाऊन चिठ्ठी लिहिली, 'स्किमर हा सांडवा नाही. पाण्याची पातळी कायम त्याच्या तोंडाच्या मध्यावर असावी लागते, नाहीतर पंप हवा ओढतो.' सकाळी माझ्या दाराखालून शेऱ्याचा कागद आला, 'पाहिले. मत नोंदवले. काम चालू ठेवावे.'

चार फूट भिंतीवर चढून काकू आत जाणं शक्यच नव्हतं. म्हणून तलावाला लागून तेवढ्याच उंचीचा लाकडी ओटा करायचा ठरलं, त्यावर चढायला लांब सौम्य उतार, धरायला कठडा, आणि ओट्यावरून तलावात उतरायला आत रुंद पायऱ्या. वेल्डिंगचा मिस्त्री आला. माणूस हुशार होता आणि त्याला ते माहीत होतं. त्याने अंगणात एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, ओट्याला जागा ह्याच बाजूला हाय. आन् ह्यो डबा बराबर मधी यून राह्यला. तलाव फिरवून घ्या ना. आत्ता रिकामाच हाय, चार माणसं लावली की फिरल."

"सांडवा मोरीच्या बाजूलाच पाहिजे. जादा पाणी आलं तर जाईल कुठं?"

"जादा पाणी? इथं?" मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"नकाशाप्रमाणं करा," काका म्हणाले.

मिस्त्रीने नकाशा उलगडला. "नकाशात लिंबाचं झाड हाय काका. अंगणात कुठंय?"

"ते प्रस्तावित हाय."

काम सुरू झालं. मी जिन्याच्या खिडकीतून बघायचे. एक गोष्ट कबूल केली पाहिजे, काकांना नावं ठेवावीत असं त्यांच्या कामात काही सापडत नसे. लोखंडी अँगलचे पाय त्यांनी तलावाच्या भिंतीला कुठेही टेकू दिले नाहीत. "भिंत पाण्यासाठी हाय, माणसाच्या वजनासाठी न्हाई." ओटा स्वतंत्र उभा, भिंतीपासून दोन बोटं लांब. उताराचं माप घ्यायला त्यांनी काकूंचा वॉकर आणला आणि स्वतः तो धरून, पाय ओढत, वर चढून बघितलं. तीनदा उतार मोडून पुन्हा केला. मिस्त्री वैतागला, "काका, धरणावर इतकं बघितलं असतं तर–"

"तिथं आमची ही चालणार नव्हती," काका म्हणाले. मिस्त्रीने पुढची फळी उचलली.

आणि मग इतकं सगळं नीट करून त्यांनी स्किमरवर फळ्या ठोकल्या. सलग, सुबक, एका रेषेत. डब्याचं झाकण फळ्यांखाली गेलं. आत जाळी कशी काढायची, कचरा कसा टाकायचा, काही सोय नाही. मी दुसरी चिठ्ठी दिली, 'डब्याचे झाकण रोज उघडावे लागेल.' शेरा आला, 'सांडव्यास झाकण नसते. सबब ते उघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

इथे मी खाली जाऊन दोन वाक्यं जोरात बोलले असते तर पंधरा दिवस वाचले असते. मी गेले नाही. कागद दिला, माझी जबाबदारी संपली असं मला वाटलं. त्या घरात राहून मलाही खात्याची हवा लागली होती.

अंगणातल्या बोअरच्या खारट पाण्याने तलाव भरायला चार दिवस लागले. काका शेजारी खुर्ची टाकून बसून होते. पाणी स्किमरच्या तोंडाखाली वीतभर आलं तेव्हा त्यांनी मोटर बंद केली, भिंतीवर लाल रेघ मारली आणि लिहिलं, 'पूर्ण संचय पातळी'. मग तलावाचा पंप चालू केला. स्किमरचं तोंड पाण्याच्या वर, कोरडं. पंपाने हवा ओढली आणि जे बोंबलायला सुरुवात केली, ते ऐकून शेजारच्या गच्चीवरची माणसं खाली बघायला आली. काकांनी पंप बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. पंपाचं मत बदललेलं नव्हतं.

तीन दिवसांत पाण्यावर शेजारच्या पिंपळाची पानं, धूळ आणि गावाबाहेरच्या पोलादाच्या भट्ट्यांकडून येणारी काजळी यांची साय धरली. काकांनी चहाची गाळणी काठीला बांधली आणि सकाळ-संध्याकाळ ओट्यावर उकिडवे बसून ते कचरा काढू लागले. पाडव्याला वीस दिवस होते. काकू खिडकीतून म्हणायच्या, "झालं का हो तुमचं गाळून? का मी पुण्याला जाऊन येऊ तवर?"

त्यांनी नुसतं 'जाऊन येऊ' म्हटलं होतं, तरी काका गाळणी धरून तसेच थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर ते जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे. हातात माझ्या दोन्ही चिठ्ठ्या. "म्याडम, ह्यात काय लिव्हलंय ते जरा तोंडी सांगा."

माझा हात सवयीने पर्समधल्या पॅडकडे गेला. "काका, पाणी तोंडाच्या अर्ध्यापर्यंत भरा. आणि फळ्या कापा. डब्यावर उघडझाप होईल असं झाकण करा."

त्यांनी चिठ्ठ्यांची घडी करून खिशात ठेवली. "म्याडम, चौतीस वर्षं नोकरी केली. पाणी सांडव्याला लागलं की आमची झोप उडायची. खालच्या गावांत निरोप धाडायला माणसं पळायची. आन् तुमचं पुस्तक म्हणतं, रोज लागू द्या." मग चष्मा काढून पुसला. "तुम्ही त्याच दिवशी ओरडून कामून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही लेखी मागता, काका."

"ते बी बराबर हाय," ते म्हणाले.

मिस्त्री परत आला. आल्या आल्या त्याने फळ्यांवर ठोकून विचारलं, "कापायचं का? का लेखी ऑर्डर काढता?" काका म्हणाले, "काप रे बाबा जल्दी." स्किमरच्या वर बरोबर चौकोन कापला, त्याला बिजागऱ्या लावल्या, धरायला कडी बसवली. आता फळी उचलली की खाली डब्याचं झाकण, ते उघडलं की जाळी. काम इतकं नेटकं झालं की बंद असताना चौकोन दिसतही नसे. काका पाणी आणखी वर घेत गेले. लाल रेघ बुडाली. पाणी स्किमरच्या तोंडात शिरलं, तसं त्यांनी डोळे मिटून घेतले. पंप लावला. आवाज आला नाही म्हणण्याइतका मऊ. पिंपळाचं एक पान फिरत फिरत आलं आणि तोंडातून आत गेलं. काकांनी लगेच फळी उचलून बघितलं. पान जाळीत होतं. त्यांनी ते काढून मला दाखवलं. धरण पूर्ण झाल्यावर मंत्र्यांना दाखवतात तसं.

पाडव्याला बारा दिवस होते. काकू वॉकर घेऊन उतारावरून ओट्यावर गेल्या. पहिल्यांदाच एवढं चालल्या, मध्ये दोनदा थांबल्या. कठडा धरून खाली पाण्याकडे बघितलं. स्वच्छ, तळापर्यंत दिसणारं पाणी. आणि त्या म्हणाल्या, "मी न्हाई ह्याच्यात पाय घालायची."

"कामून?"

"एवढं साठवलेलं पाणी. पाय घालू त्याच्यात? नळाला आज नववा दिवस हाय."

काकांनी सांगितलं, की हे बोअरचं आहे, खारट आहे, कोणी पीत नाही. "वापरतात तर," काकू म्हणाल्या. काकांनी व्यायामाच्या बाईंचा कागद वाचून दाखवला. काकूंनी ऐकून घेतला. जन्मभर पाय धुतल्याशिवाय ज्या रांजणाजवळ गेल्या नव्हत्या, भरल्या ड्रममध्ये कोणी हात बुडवला तर ज्यांनी ड्रम ओतून टाकला होता, त्यांना कोणता कागद काय सांगणार? भिंतीपलीकडून शेजारच्या काकूही म्हणाल्या, "बराबर हाय वो. पाप लागंल."

मग त्यांच्या दृष्टीने जे योग्य होतं ते काकूंनी केलं. तलावावर जुनं पातळ पसरून झाकलं, धूळ जाऊ नये म्हणून. शेजारच्या काकूंना धुण्यासाठी दोन बादल्या दिल्या. मग समोरच्यांना चार. तीन दिवसांत आमच्या तलावाचा गल्लीचा हौद झाला, पाणी स्किमरच्या खाली गेलं, आणि पंप पुन्हा बोंबलायला लागला. गल्ली मात्र पहिल्यांदाच काकांच्या हुशारीचं कौतुक करू लागली. "लई मोठी टाकी बांधली काकांनी. वर चढायला ओटा बी केला."

काकांनी बोअर लावून पाणी परत स्किमरच्या तोंडापर्यंत आणलं. पाडव्याला सहा दिवस होते. पुण्याहून फोन आला, "आई, बॅग भरायला घे." काकूंनी मला माळ्यावरची बॅग काढायला लावली. मी काढली. काका दारात उभे होते. ते बॅगेकडे बघून मागच्या अंगणात गेले.

थोड्या वेळाने काकू ओरडल्या. मी जिन्यावरून धावत खाली आले.

काका अनवाणी अंगणाच्या मातीत फिरत होते. मुद्दाम, मोरीच्या कडेच्या चिखलातून. अंगात शर्ट-पँट, कमरेला पट्टा, खिशात पेन. मग ते तसेच ओट्यावर चढले, त्यांनी पातळ ओढून बाजूला टाकलं आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

"अहो, काय करून राह्यले तुम्ही? पाय! पाय धुवा आधी!" काकू खिडकीतून ओरडत होत्या.

"धुत न्हाई."

ते पायरीवर उतरले. एक. दुसरी. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. तिसरी. तळाला पाय लागले, पाणी पोटापर्यंत आलं आणि पायाभोवती चिखलाचा तांबूस ढग पसरला. त्यांनी दोन्ही हातांनी तलावाची कड धरली.

"झालं," ते म्हणाले. "आता हे पाणी कोणाच्याच कामाचं न्हाई. ना धुण्याच्या, ना भांड्याच्या. फक्त तुझ्या कामाचं हाय."

काकू वॉकर आपटत ओट्यावर आल्या. उतारावर एकदाही थांबल्या नाहीत. मी आधाराला हात पुढे करून मागे चालले होते, पण त्यांना त्याची गरज पडली नाही. वर येऊन त्यांनी जे बोलायला सुरुवात केली, ते मी लेखी देऊ शकत नाही. चौतीस वर्षांची अक्कल, नवऱ्याची पँट, गल्लीत दाखवायचं तोंड, सगळं त्यात आलं. मग काका हळूच म्हणाले, "ऐक ना. मला भाईर येता येत न्हाई."

"म्हंजे?"

"हात सुटत न्हाईत."

काकू माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "धरणावर बी हे भिंतीवरून पट्टी वाचायचे माय. पाण्यात उतरायला दुसरी माणसं असायची. कधी घोटा बुडवला न्हाई ह्या माणसानं." मग वॉकर माझ्या हातात दिला, पदर खोचला, कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाणी लागलं तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले, एक क्षण. मग खाली उतरल्या. पाणी त्यांना छातीपर्यंत आलं.

"कड सोडा. माझा हात धरा. अहो, सोडा म्हणते ना."

काकूंनी त्यांचा एक हात सोडवला, मग दुसरा. आणि कडेकडेने त्या त्यांना घेऊन चालायला लागल्या. वॉकर माझ्या हातात होता हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. अर्धा फेरा झाल्यावर काकू म्हणाल्या, "हलकं लागतंय की हो." काकांचे डोळे मिटलेले होते.

मग ते रोज झालं. सकाळी आठला काका उतरत, कारण ते उतरले नाहीत तर काकू उतरत नसत. आणि काकू उतरत, कारण त्या उतरल्या नाहीत तर काका आतच राहत. दहा फेरे, मग पंधरा. चिखल स्किमरने दोन दिवसांत ओढून घेतला. पाय मात्र काका आता धुऊन उतरत, काकूंच्या देखत, दोनदा. घरात काकू एका काठीवर आल्या. चौथ्या दिवशी त्यांनी उभं राहून भाकरी केली, आणि काकांनी ती न मोजता खाल्ली.

पाडव्याच्या सकाळी फाटकाशी गाडी थांबली. गुढी उभी होती, मी ऑफिसला सुट्टी म्हणून जिन्यात केस वाळवत होते. मुलगा घरात हाका मारत फिरला, कोणी सापडलं नाही, म्हणून मागच्या अंगणात आला. तो ओट्याखाली उभा राहून वर बघत राहिला. तलावात त्याची आई पुढे आणि बाबा मागे, तिचा खांदा धरून, शर्ट-पँटीत.

"आई? हे काय चाललंय?"

"चौदावा फेरा. थांब, मधी बोलू नको, ह्यांचा पाय चुकतो."

तो उतारावरून ओट्यावर आला. चांगले बूट होते, नवे. "आई, बॅग कुठंय? उन्हाच्या आत निघायचंय. तिकडे चांगला पूल आहे ग, टाईल्सचा, कोच असतो."

काकू पायऱ्यांपाशी थांबल्या. त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात उचलून तलावाच्या कडेवर ठेवले, एकेक बोट दाबून बसवलं आणि स्वतः कठडा धरून बाहेर आल्या. तीन पायऱ्या, काठीशिवाय. ओल्या पातळाचं पाणी फळ्यांवर ठिबकत होतं. मुलगा त्या पायांकडे बघत होता. काका पाण्यातून, मान न वळवता, म्हणाले, "सावकाश."

"आई, तू तर..." मुलगा म्हणाला. "मग काय ठरलं तुझं?"

काकूंनी पदर पिळला. "माझं काय ठरायचंय बाबा? मी गेले तर ह्यांना रोज भाईर कोण काढील?"

तलावात काका कड धरून तसेच उभे होते, पाठ आमच्याकडे, मान ताठ, कोणीतरी येईल याची वाट बघत. मुलाने गाडीची किल्ली खिशात टाकली, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.